साधं किट, बारीक किट, रेझिन की तयार डबा? एचओ मालगाडी जमवणाऱ्यांसाठी

टेबलावर छोट्या (मॉडेल) रेल्वेचे रूळ पसरून झाले, सांधे बदलून गाडी बाजूच्या रुळावर घेता येऊ लागली, इंजिनही मनासारखं मिळालं, की पुढचा प्रश्न मालडब्यांचा. इंजिन एक पुरतं. डबे मात्र पंधरा-वीस तरी हवेतच, नाहीतर मालगाडी मालगाडी दिसत नाही. ते तयार घ्यावेत की सुट्या भागांचं किट आणून बांधावेत, आणि बांधायचे तर कुठल्या जातीचं किट आणावं? असं कुणाला विचारलं की सोप्याकडून अवघडाकडे जाणारा एक ठरलेला क्रम सांगितला जातो: आधी साधं प्लॅस्टिक, मग बारीक भागांचं प्लॅस्टिक, हात बसला की रेझिन, म्हणजे रबरी साच्यात ओतलेल्या भागांचं.

मला हा क्रम फारसा पटत नाही. मेहनत सगळ्याच किटांत आहे, फक्त ती वेगवेगळ्या जागी आहे. कुणाला चाकं आणि वजन यांच्याशी झटापट करायला आवडतं, कुणाला चिमट्यात तार धरून तासन्‌तास बसायला, कुणाला कोऱ्या डब्यावर रंग आणि अक्षरं चढवायला. यातलं कुठलं काम तुम्ही कंटाळा न करता कराल, ते आधी ठरवा. किट आपोआप ठरतं.

हा सगळा हिशेब एचओ मापाचा आहे, म्हणजे १:८७, खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यांत हे माप बसलेलं असेल. आणि डबे अमेरिकन, साधारण १९४०च्या दशकातले. आपल्या वाघिणी, म्हणजे भारतीय मालडबे, का नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. एचओचे रूळ १६.५ मिमी अंतराचे, ते ४ फूट साडेआठ इंची स्टँडर्ड गेजचं छोटं रूप. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ ला ते १९ मिमीच्या थोडं वर जातं. म्हणजे भारतीय वाघीण या रुळावर आणायची तर सुरुवातच तडजोडीने होते. अमेरिकन डब्यांचं तसं नाही. शिवाय किटांमध्ये जितकी विविधता तिथल्या मालडब्यांची आहे, तितकी इतर कुठल्या देशाच्या डब्यांची मी पाहिलेली नाही.

साधं प्लॅस्टिक किट: मेहनत डब्याच्या खाली

इलिनॉयमधल्या अ‍ॅक्युरेल कंपनीची किटं हा या जातीचा आजचा चांगला नमुना. बाउझरनेही अशी किटं काढली, विशेषतः पेन्सिल्वेनिया रेल्वेच्या कोळशाच्या हॉपरची, म्हणजे वरून उघड्या, तळातून रिकाम्या होणाऱ्या डब्यांची. आणि जुन्या बाजारात अथर्नची निळ्या खोक्यातली किटं अजून ढिगाने मिळतात. ती निघणं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली, पण अमेरिकेत घरोघरी इतकी साठवलेली आहेत की तुटवडा म्हणून जाणवत नाही.

डब्याचं अंग एकसंध, रंगवलेलं, अक्षरं छापलेली. खालची चौकट, पोलादी पट्टीचं वजन, ट्रक म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा, कपलर म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा. अर्ध्या-पाऊण तासात डबा उभा राहतो. किंमत साधारण २० ते २५ डॉलर. डब्यावर चढायच्या लोखंडी दांड्या, म्हणजे ग्रॅब आयर्न, अंगातच उठावाने काढलेल्या असतात. हाताच्या अंतरावर ते खटकतं, टेबलाच्या पलीकडे गाडी धावताना अजिबात नाही.

पण 'जुळवलं आणि झालं' असं समजून हे किट घेऊ नका. त्यातून चांगला धावणारा डबा काढायचा तर काम खाली आहे. प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची बसवा. प्लॅस्टिकच्या चाकांवर काळी घाण थरावर थर चढते आणि ती रुळभर पसरते. त्या काळच्या डब्यांना ३३ इंची चाक, म्हणजे एचओत साधारण साडेनऊ मिलिमीटर. कपलर केडी कंपनीचा, नंबर १४८ किंवा डोक्याने थोडा लहान १५८, आणि त्याची उंची मापाचं गेज लावून तपासलेली. जुन्या अथर्न डब्यांत कपलरवर पत्र्याचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. ते ऐन गाडी ओढताना निसटतं, म्हणून तिथे भोक पाडून स्क्रू घालणं बरं.

मग वजन. अमेरिकेतल्या हौशी मंडळींची संघटना, १९३५ मध्ये स्थापन झालेली एनएमआरए, त्यासाठी सोपा हिशेब देते: एचओ डब्याला मूळचं एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ४० फुटी बॉक्सकार, म्हणजे छपराचा बंद मालडबा, एचओत १४ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. वजन हवं पावणेचार औंस, आपल्या भाषेत १०६ ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे. बंद डब्यात हे वजन लपवणं सोपं. उघडा हॉपर, गोंडोला (बिनछपराचा बुटका डबा) किंवा सपाट डबा घेतलात की पंचाईत, कारण लपवायला जागाच नसते. त्यावर उपाय दोन: कायमचा कोळशाचा ढीग करून त्याखाली शिसं ठेवायचं, नाहीतर खालच्या मधल्या तुळईच्या पोकळीत टंगस्टनची पुटी, म्हणजे जड लांबी, दाबून भरायची. रिकामा हॉपर दिसायला छान असतो, पण रिकामाच चालवायचा हट्ट असेल तर वळणावर सर्वांत आधी तोच रुळावरून उतरतो हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी किटसोबतच्या कागदावर क्वचितच लिहिलेली असते. दोन्ही ट्रकचे स्क्रू सारखे आवळू नका. एक ट्रक फक्त डावी-उजवीकडे फिरेल इतका आवळा; दुसरा जरा सैल, कुठल्याही बाजूला कलेल असा. स्टूल तीन पायांवर कधी डुगडुगत नाही, तसा डबा तीन टेकूंवर बसतो आणि रूळ थोडा वरखाली असला तरी चारही कोपरे टिकतात. एवढं केलेला २० डॉलरचा डबा ६० डॉलरच्या तयार डब्यापेक्षा सरळ चालतो.

साध्या किटचा खरा दोष वेगळा आहे. एकच साचा, त्यावर वीस रेल्वे कंपन्यांची नावं. त्यांतल्या काही कंपन्यांकडे तसला डबा कधी नव्हताच. ज्याला हे चालतं त्याने मजेत घ्यावं. ज्याला रात्री झोपताना हे आठवत राहील, त्याने पुढे वाचावं.

बारीक भागांचं प्लॅस्टिक: मेहनत चिमट्याच्या टोकावर

टिची, इंटरमाउंटन, रेड कबूस, आणि लाइफ-लाइकची प्रोटो २००० या नावाची किटं या जातीतली. यातलं टिची सोडलं तर बाकीची आज बहुधा जुन्या साठ्यातूनच मिळतात. इंटरमाउंटनच्या १९३७ च्या प्रमाणित पोलादी बॉक्सकारने या जातीची चटक अनेकांना लावली. इथे दांड्या, शिड्या, ब्रेकचं चाक, छतावरची चालायची फळी, खालची ब्रेकची टाकी आणि झडप, सगळं सुटं येतं. प्लॅस्टिक बारीक आणि ठिसूळ असतं. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून ग्रॅब आयर्न कापताना निपर (बारीक कापायची पक्कड) जरा तिरका लागला की ती उडून जाते आणि परत सापडत नाही.

प्रोटो २००० ची टाकीवाली वाघीण याबाबत कुप्रसिद्ध आहे. टाकीभोवतीचा कठडा तारेइतक्या बारीक प्लॅस्टिकचा. झाल्यावर ती इतकी देखणी दिसते की बांधतानाचा वैताग माफ करावासा वाटतो, पण पहिलं किट म्हणून ती कुणाला सुचवू नये. त्यापेक्षा टिचीची सपाट वाघीण घ्या, किंवा युएसआरएची, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन सरकारी रेल्वे प्रशासनाची, एकेरी फळ्यांची बॉक्सकार. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या तेव्हा, १९१८ मध्ये, ठरवलेल्या प्रमाणित नमुन्यांतला हा एक. फळ्या आतून आणि पोलादी तिरके टेकू बाहेरून. त्यामुळे बाजू मुळातच उठावदार, आणि रंगाचा हात जरा कच्चा असला तरी डबा जिवंत दिसतो. सपाट वाघिणीत मात्र वजनाची तीच अडचण येते. वर माल बांधून ती सोडवावी लागते.

इथली मेहनत धीराची आहे, कौशल्याची तितकीशी नाही. साचे उत्तम असल्यामुळे भाग आपल्या जागी नेमके बसतात. प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट ब्रशने सांध्याला लावलं की ते स्वतःच आत ओढलं जातं आणि स्टायरिन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, विरघळून एकजीव होतं. चौकोन सरळ ठेवण्याची चिंताही फारशी नाही, कारण अंग बहुधा एकसंध असतं. दोन-तीन संध्याकाळी द्यायच्या तयारीवर सगळं अवलंबून.

एकच सूचना: यातली ग्रॅब आयर्न हात लागून मोडते, ती जन्मभर मोडत राहते. मोडलेल्याच्या जागी ०.३ मिमीची पितळी तार वाकवून घाला. खऱ्या दांडीची जाडी पाऊण इंचाच्या आसपास, एचओत ती पाव मिलिमीटरही होत नाही. म्हणजे तार किंचित जाड झाली, पण टिकली.

रेझिन: मेहनत आधी आणि नंतर

रेझिन किटबद्दल जितकी भीती घातली जाते, तितकी ती लायक नाहीत. फक्त त्यांचा स्वभाव निराळा. रबराच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून हे भाग काढतात. प्लॅस्टिक किटांच्या पोलादी साच्याचा खर्च हजारो डब्यांच्या विक्रीशिवाय भरून निघत नाही. रबरी साच्याचं तसं नाही. म्हणून एखाद्या रेल्वेचा, एखाद्या कारखान्याने, एखाद्या वर्षी बांधलेला नेमका डबा रेझिनमध्ये मिळतो आणि प्लॅस्टिकमध्ये मिळत नाही. वेस्टरफील्ड, फुनारो अँड कॅमेर्लेंगो, स्पीडविच, बंद पडलेल्या सनशाइनची जुनी किटं, ही नावं ऐकू येतील. वेस्टरफील्डच्या खोक्यातल्या माहितीच्या कागदांसाठीच किट घेणारे लोक आहेत. मूळ डबा कधी बांधला, किती बांधले, कुठे बदल झाले, सगळं त्यात असतं.

खोक्यात काय नसतं तेही बघा. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं, बहुधा असतात. ट्रक आणि कपलर बहुधा नसतात. ५० ते ८० डॉलरच्या किटवर आणखी पंधरा-वीस डॉलर धरा.

काम सुरू होतं ते भांड्याच्या साबणाने. साच्याचं तेलकट अस्तर भागांवर असतं. ते धुतलं नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग कडांची फाजील पातळ झालर काढायची. काचेच्या तुकड्यावर सँडपेपर चिकटवून त्यावर कड घासली की सरळ येते. घासताना पाणी वापरा आणि मास्क लावा. रेझिनची भुकटी फुप्फुसात जायची वस्तू नाही. वाकलेला भाग गरम पाण्यात बुडवून सपाट काचेवर दाबून थंड केला की सुधारतो. स्टायरिनचं सिमेंट इथे चालत नाही, कारण रेझिन त्यात विरघळत नाही. लागतं ते सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विकच्या जातीचं.

रेझिन किटांत दोन उपजाती आहेत आणि निवडताना हा फरक किमतीपेक्षा महत्त्वाचा. एकात अंग एकसंध ओतलेलं येतं. दुसऱ्यात दोन बाजू, दोन टोकं, छप्पर आणि तळ सुटे येतात, आणि तुम्ही पेटी बांधता. पहिला डबा एकसंधच घ्या. सुट्या भागांत पहिला कोपरा गुण्यात (काटकोनात) बसला नाही तर पुढचे तिन्ही चुकतात, छप्पर एका टोकाला ओघळतं आणि डबा रुळावर तिरका उभा राहतो. फेविक्विक धरायच्या आत दोन-चार सेकंदच मिळतात. गुण्याला टेकवून आधी टोकावर थेंबभर, खात्री झाली की मग आतून पूर्ण सांधा, हा रिवाज सुट्यांसाठी पाळावा. वजन तळ बंद करण्याआधी आत चिकटवायचं, हे विसरणारे विसरतातच.

मग भोकं. ८० नंबरचं ड्रिल, साधारण ०.३४ मिमी, हाताने फिरवायच्या पकडीत धरून प्रत्येक ग्रॅब आयर्नसाठी दोन-दोन. एका बॉक्सकारला चाळीस-पन्नास भोकं सहज होतात. मला हे काम आवडतं. क्रिकेटची कसोटी ऐकत करण्याजोगं आहे. ज्यांना ते शिक्षा वाटतं त्यांनी रेझिनकडे फिरकू नये, मग डबा कितीही दुर्मिळ असो.

शेवटी रंग. कोरा डबा म्हणजे प्रायमर, त्यावर तांबूस-तपकिरी मालडबा रंग, डिकल बसायला चकचकीत थर, डिकलखालची हवा काढणारं सॉफ्टनर, वर मॅट थर. इथे छोट्या अक्षरांत दडलेला इतिहास खेळता येतो: पुन्हा तोलल्याची तारीख, बांधणीचं वर्ष. त्यामुळे डबा कुठल्या काळात चालतोय हे पक्कं होतं. ब्रेकचंही तसंच. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी जातीचा ब्रेक आला, जुना के ब्रेक १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हळूहळू हद्दपार झाला. १९४८ ची गाडी करत असाल तर दोन्ही चालतील. १९६० च्या गाडीत के ब्रेक दिसला तर जाणकार हसतील. जाणकार येणारच नसतील तर सोडून द्या, डबा उलटा करून बघतं कोण!

एनएमआरएचा डबेबांधणीचा मान मिळवायचा असेल तर मात्र परीक्षक उलटा करून बघतात. त्यासाठी आठ चालते डबे लागतात, किमान चार प्रकारांचे, त्यांत एक प्रवासी. आणि किमान चार डब्यांना १२५ पैकी ८७.५ गुण.

लाकूड आणि थ्रीडी

लाकडाच्या जुन्या किटांना, अँब्रॉइड किंवा लाबेलसारख्या, जिव्हाळ्याने सांभाळणारे लोक आहेत. फळ्यांचे डबे लाकडात सुंदर होतात, पण लाकडाचे रंध्र सीलरने बुजवून घासल्याशिवाय पोलादी भाग पोलादी दिसत नाहीत. आणि पावसाळ्यात पातळ पट्ट्या वाकतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी ही हौस हिवाळ्यापुरती ठेवावी. थ्रीडी छापील डबे झपाट्याने सुधारत आहेत. फक्त सपाट बाजूंवर थरांच्या रेघा राहिल्या आहेत का हे नमुन्याचा जवळून काढलेला फोटो पाहूनच ठरवा.

मग तयार डबा का नको?

नको असं मी म्हणत नाही. केडीची पीएस-१ बॉक्सकार, टँजंटचे किंवा रॅपिडोचे डबे ४० ते ६० डॉलरला येतात, आणि पुलमन-स्टँडर्डने १९४७ पासून बांधलेला तो पीएस-१ तर घरी कुणी इतका नेटका बांधणार नाही. ज्यांना गाड्या चालवायच्या आहेत, वेळापत्रकं आखायची आहेत, त्यांनी तयारच घ्यावेत आणि अपराधी वाटून घेऊ नये.

पण तयार डब्यांची गाडी एकसारखी दिसायचा धोका असतो, आणि खऱ्या गाडीत तसं नव्हतं. पेन्सिल्वेनिया रेल्वेने १९२४ ते १९३४ दरम्यान एक्स-२९ जातीचे सुमारे ३० हजार पोलादी डबे बांधले. आतली उंची ८ फूट ७ इंच. युएसआरएचा डबा ९ फुटी, १९३७ चा प्रमाणित डबा १० फुटी, पीएस-१ बहुतांशी साडेदहा फुटी. एक्स-२९ आणि पीएस-१ शेजारी उभे केले तर एचओत छपरांत सात मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. १९४० च्या दशकातल्या अमेरिकन मालगाडीचं रूप या वरखाली छपरांत आहे, आणि सगळ्या रेल्वेंचे डबे एकमेकांच्या रुळांवर हिंडत असल्यामुळे पेन्सिल्वेनियाचा एक्स-२९ कॅलिफोर्नियातल्या गाडीतही शोभतो. रेड कबूसने तो बारीक प्लॅस्टिकमध्ये काढला होता, खालच्या बाजूला गंजून ठिगळं मारलेल्या रूपातसुद्धा. जुन्या बाजारात दिसला तर घासाघीस करत बसू नका.

इथे बसून मागवताना

किट हलकं असतं. पाठवणावळ आणि सीमाशुल्क यांच्यामुळे स्वस्त किटाचा फायदा पातळ होतो. एक साधं किट मागवण्यात अर्थ नाही. मागवायचीच तर अर्धा डझन एकदम, नाहीतर शिकागोहून किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात. त्यांच्याकडून सिमेंट, थिनर किंवा स्प्रे मागवू नका. ज्वालाग्राही म्हणून विमानात चालत नाहीत. तामियाचं पातळ सिमेंट इथल्या हॉबी दुकानांत मिळतं. सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने धरतं, त्यामुळे जुलैत ते नेहमीपेक्षा लवकर पकडतं आणि उघडी बाटली पटकन घट्ट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाच्या दिवशी लॅकरचा मॅट थर मारलात तर तो दुधाळ होतो. डिकलपर्यंतचं काम पावसाळ्यात उरका आणि शेवटचा थर कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.

पहिल्या खेपेत मी काय मागवेन? अ‍ॅक्युरेलची चार, तीही वेगवेगळ्या उंचीची, टिचीची एक युएसआरए बॉक्सकार, धातूच्या चाकांची मोठी पाकिटं आणि केडीचे कपलर, कारण ते पुढे येणाऱ्या प्रत्येक डब्याला लागणार आहेत, उंचीचं गेज. कोळशाची गाडी हवी असेल तर चारांपैकी दोन हॉपर. रेझिन या खेपेत नाही, भीतीमुळे नव्हे. पाच डबे धावायला लागले की तुमच्या गाडीत नेमका कुठला डबा कमी आहे ते तुम्हाला दिसेल, आणि तो प्लॅस्टिकमध्ये मिळत नसेल तेव्हा रेझिन घ्यावं. ज्याच्याकडे आठवड्याला एखादीच मोकळी संध्याकाळ आहे आणि डोळ्यांना बारीक काम सोसत नाही, त्याने टिचीच्या जागी एक तयार पीएस-१ घालावा, आणि वाचलेल्या वेळात चारही साध्या डब्यांवर धूळ-गंजाचा रंग चढवावा.